माल-हाताळणीच्या यंत्रांची प्रदर्शने आणि देवरीचा कट्टा

व्यापारी प्रदर्शन ही वस्तुतः बाजाराचीच एक जात होय. परंतु वाणिज्य व अर्थशास्त्र या विषयांच्या पाठ्यपुस्तकांत तिची बोळवण बहुधा जाहिरातीच्या प्रकरणातील एखाद्या परिच्छेदावर होते. प्रदर्शन म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेली जाहिरात, ही समजूत त्यामागे असते. ती पुरी खोटी नाही. पण अपुरी मात्र आहे. प्रस्तुत लेखात माल उचलणे, रचणे, साठविणे व हलविणे यांसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनांचा विचार करावयाचा आहे, आणि तो प्रदर्शनाच्या मंडपात उभे राहून न करता गोंदिया जिल्ह्यातील देवरी येथील धान-खरेदीच्या आवारात उभे राहून करावयाचा आहे. यंत्र ज्या ठिकाणी अखेर चालावयाचे, तेथून त्याकडे पाहिले म्हणजे काही प्रश्न स्वच्छ दिसू लागतात.

देवरी हे तालुक्याचे गाव नागपूर-रायपूर रस्त्यावर, छत्तीसगडच्या सीमेलगत वसलेले आहे. इंग्रजी अमदानीत या रस्त्यास ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ म्हणत; पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला व आता त्यास ५३ हा क्रमांक आहे. रेल्वे मात्र देवरीस आली नाही. ती गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी उत्तरेकडून डोंगरगडास गेली. परिणामी देवरीचा सर्व माल, मग तो धान असो, तेंदूपत्ता असो की मोहफूल असो, रस्त्यानेच जातो व येतो. मुंबई-कोलकाता मार्गावरील अवजड वाहने रात्रंदिवस गावाजवळून धावतात. पण त्यांतील माल देवरीत हाताळला जात नाही. देवरीत हाताळला जातो तो देवरीचाच माल, आणि तो माणसाच्या पाठीवरून. ही विसंगती लक्षात ठेवून पुढे जाऊ.

प्रदर्शनाचा पूर्वज मेळा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई ही आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. दंडार व नाटक हे तिचे आकर्षण खरे. तथापि सोयरिकी जुळविणे, भांडीकुंडी व अवजारे घेणे, पलीकडच्या गावात काय नवे आले याची वार्ता मिळविणे, हीही तिची कामे आहेत. युरोपातील मध्ययुगीन मेळे याच धर्तीचे होते. लाइपझिगच्या मेळ्यास सम्राट मॅक्सिमिलियन याने १४९७ साली सनद दिली. तेथे शतकानुशतके व्यापारी आपला माल गाड्यांत भरून आणीत व जागच्या जागी विकीत. रेल्वे झाल्यावर एवढा माल ओढून आणण्याचे कारण उरले नाही. तेव्हा १८९५ साली लाइपझिगने मालाच्या मेळ्याचे रूपांतर नमुन्यांच्या मेळ्यात केले. व्यापाऱ्याने नमुना दाखवावा, मागणी नोंदवून घ्यावी व माल मागाहून पाठवावा, असा हा क्रम होता. आधुनिक व्यापारी प्रदर्शनाचा जन्म येथे झाला असे म्हणावयास हरकत नाही.

माल-हाताळणीची यंत्रे मात्र या व्यवस्थेत नीट बसत नाहीत. कापडाचा तुकडा नमुना म्हणून दाखविता येतो. फोर्कलिफ्टचा तुकडा दाखवून काय उपयोग? यंत्र पूर्ण आकाराचे हवे, ते चालले पाहिजे, त्यावर ओझे असले पाहिजे, आणि ते वळताना किती जागा घेते हे पाहणाऱ्यास दिसले पाहिजे. म्हणजे या धंद्याचे प्रदर्शन नमुन्यांचा मेळा न राहता पुन्हा मालाचा मेळा होते. शिवाय प्रदर्शनात ठेवावयाची यंत्रे तेथवर नेणे, उतरविणे, मांडणे व परत नेणे हीच एक माल-हाताळणीची परीक्षा असते. त्यामुळे अशी प्रदर्शने मोठ्या शहरांत, भक्कम फरशीच्या व उंच छताच्या सभागृहांतच भरतात. ती देवरीस का येत नाहीत याचे पहिले उत्तर एवढे साधे आहे.

आपल्या प्रांतास हा अनुभव नवा नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दीत डिसेंबर १८६५ मध्ये नागपूर येथे कला, कारागिरी व पैदास यांचे प्रदर्शन भरले; पुढील वर्षी जबलपूर येथेही तसेच प्रदर्शन झाले. नागपुरास रेल्वे पोहोचली ती १८६७ साली. तेव्हा १८६५ च्या प्रदर्शनासाठी जे काही जड सामान बाहेरून आले असेल, त्याचा शेवटचा टप्पा बैलगाडीनेच झाला असला पाहिजे. प्रांताच्या संपत्तीची ओळख बाहेरच्या व्यापाऱ्यास करून द्यावी, आणि बाहेरच्या सुधारणांची ओळख प्रांतास करून द्यावी, असा दुहेरी हेतू त्या काळच्या अशा प्रदर्शनांमागे असे. पहिला हेतू सफल होण्यास रस्ता व रेल्वे पुरेशी झाली. दुसऱ्यास त्याहून अधिक काही लागते, आणि ते काय, हाच या लेखाचा विषय आहे.

मालाची हाताळणी कशी होते हे ठरविणारी मुख्य गोष्ट यंत्र नव्हे; ती आहे ओझ्याचे माप. आणि ओझ्याचे माप ठरवितो तो वाहणारा. छत्तीसगडचे धान्य पूर्वी वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून नागपूरकडे आणीत. ‘गोणी’ हा शब्द मूळचा त्या बैलाच्या पाठीवरील थैल्याचा. म्हणजे गोणीचे माप बैलाने ठरविले. पुढे गाडी व रेल्वे आली, तागाचे पोते आले, आणि अडीच बंगाली मणांचे, म्हणजे सुमारे ९३ किलोंचे पोते रूढ झाले. दशमान पद्धतीनंतरही धान्याची पोती दीर्घकाळ शंभर किलोंच्या आसपासच राहिली. हे माप हमालाच्या पाठीने ठरविलेले नव्हते. त्याच्या पाठीवर ते लादले गेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनाविषयीचा १२७ क्रमांकाचा करार संमत केला व सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. भारताने हा करार २०१० साली मान्य केला. आपल्याकडे पोत्याचे वजन पन्नास किलोंवर यावे यासाठी हमालांच्या संघटनांनी दीर्घकाळ झगडा केला; डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात उभी केलेली हमाल पंचायत त्यांत अग्रभागी होती. आज सरकारी व्यवहारात तांदळाचे पोते ५० किलोंचे असते, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या खरेदी केंद्रांवर धानाचा कट्टा ४० किलोंचा भरतात. या बदलाचे श्रेय कोणत्याही यंत्रास नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

यंत्रयुगाने आपले स्वतःचे माप आणले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, आणि कंटेनरच्या वाहतुकीस आरंभ झाला. गोदामांत दुसऱ्या महायुद्धापासून पॅलेट, म्हणजे ज्याच्या पोटात फोर्कलिफ्टचे दाते शिरतात असा लाकडी पाट, सर्वत्र पसरला. १९६१ साली युरोपातील रेल्वे कंपन्यांनी १२०० बाय ८०० मिलिमीटरचा एकच पाट ठरवून त्यांची अदलाबदल सुरू केली. भरलेला पाट द्यावा व तितकेच रिकामे पाट परत घ्यावे, असा तो करार होता. आज स्टुटगार्टला २००३ पासून भरणारे ‘लॉजिमॅट’ असो, की हॅनोव्हरला भरत असलेले व २०१८ नंतर तेथे स्वतंत्रपणे बंद झालेले ‘सीमॅट’ असो, तेथे मांडलेल्या बहुतेक सर्व यंत्रांच्या मुळाशी हा पाट गृहीत धरलेला असतो. पाहणाऱ्याचे लक्ष यंत्राकडे जाते. पाटाकडे कोणी पाहत नाही.

भारतात या प्रदर्शनांना अलीकडे जी भरती आली आहे तिचे एक कारण करपद्धतीत आहे. १ जुलै २०१७ पूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागत असे. तो टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक लहान गोदाम ठेवीत, आणि राज्याराज्यांच्या सीमेवर विक्रीकराचे नाके असत. लहान गोदामात यंत्राचा खर्च निघत नाही. वस्तू व सेवा कर आल्यावर गोदामाची जागा कराने नव्हे तर अंतराने ठरू लागली. गोदामे कमी व मोठी झाली. आणि मोठ्या गोदामास यंत्र परवडू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या क्षेत्रास पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला, १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. स्टुटगार्टच्या प्रदर्शनाची भारतीय आवृत्ती २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईस गोरेगाव येथे भरली.

येथे एका आकड्याविषयी सावधगिरीची सूचना करणे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अवश्य वाटते. भारतात मालवाहतूक व साठवण यांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३ ते १४ टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, आणि यंत्र विकणाऱ्यास हा आकडा फार सोयीचा होता. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या मापनात २०२१-२२ या वर्षासाठी हे प्रमाण ७.८ ते ८.९ टक्के इतकेच निघाले. आजार जितका मोठा सांगावा तितके औषध खपते, हा न्याय वैद्यकापुरता मर्यादित नाही.

आता देवरीकडे वळू. आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने खरेदी होणाऱ्या धानाची एक १६ टनी ट्रकभर रास घेऊ. ४० किलोंप्रमाणे हे ४०० कट्टे झाले. शेतकऱ्याच्या गाडीतून धान केंद्रावर उतरते, ही पहिली उचल. ते काट्यावर जोखून बारदान्यात भरले जाते, ही दुसरी. कट्ट्यांची थप्पी लागते, ही तिसरी. थप्पी मोडून ट्रक भरतो, ही चौथी. भरडाईसाठी गिरणीत ट्रक रिकामा होतो, ही पाचवी. भरडाईत शंभरास सदुसष्ट या सरकारी प्रमाणाने १०.७२ टन तांदूळ मिळतो. तो गिरणीतून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामाच्या थप्पीत, थप्पीतून पुन्हा ट्रकमध्ये व अखेर स्वस्त धान्याच्या दुकानात, अशा आणखी चार उचली होतात. पाच वेळा १६ टन व चार वेळा १०.७२ टन मिळून सुमारे १२३ टन होतात. म्हणजे सोळा टन धान ताटात पडेपर्यंत माणसांनी १२३ टनांची उचल केलेली असते, आणि यात गिरणीच्या आतील हालचाल धरलेलीच नाही. हा हिशेब कमीत कमी उचलींचा आहे. गोदामात जागा नसल्याने धान उघड्यावर ताडपत्रीखाली ठेवावे लागले व मग हलवावे लागले, तर प्रत्येक फेरीस आणखी १६ टन मिळवावे.

प्रदर्शनातून परतलेला अधिकारी येथे साहजिकच फोर्कलिफ्ट व पाट सुचवील. हिशेब वरवर आकर्षक आहे. एका पाटावर २५ कट्टे रचले तर एक टन होतो, आणि ४०० कट्ट्यांऐवजी १६ ओझी उचलावी लागतात. परंतु पाटावर कट्टे रचावयाचे कोणी? हमालानेच. आणि गिरणीत पाट मोडावयाचा कोणी? तेथील हमालाने. पाट जर एकाच टप्प्यापुरता जगणार असेल, तर पूर्वीच्या एका उचलीच्या जागी रचणे व मोडणे अशा दोन उचली होतात, आणि यंत्राचे भाडे वर पडते. तीन टप्पे पाट अभंग राहिला तर मात्र तीनाऐवजी दोन उचलींत काम भागते. पाच टप्प्यांत पाचाऐवजी दोन. यावरून सामान्य नियम असा काढता येईल की, यंत्राचा लाभ यंत्राच्या शक्तीवर अवलंबून नसून रचलेले ओझे किती टप्पे न मोडता जाते, यावर अवलंबून असतो. त्यासाठी खरेदी केंद्र, ट्रकमालक, गिरणी व गोदाम या चौघांनी एकच पाट मान्य केला पाहिजे व रिकामे पाट परत आणण्याची जबाबदारी कोणाची हे ठरविले पाहिजे. युरोपने १९६१ साली नेमके हेच केले. प्रदर्शनात फोर्कलिफ्ट विकत मिळतो, हा करार मिळत नाही.

तेंदूपत्त्याचे उदाहरण याच नियमाची दुसरी बाजू दाखविते. एप्रिल-मेमध्ये पत्ता गोळा होतो, हजार पुड्यांची प्रमाण गोणी हे त्याचे माप, आणि माल हलका पण फुगीर. येथे अडचण वजनाची नसून जागेची व ओलाव्याची आहे. धानासाठी योग्य ठरलेले यंत्र या मालास जवळजवळ निरुपयोगी ठरेल.

मग देवरीस कोणतेच यंत्र नको काय? तसे नाही. पोती वर चढविणारा फिरता पट्टा हे यंत्र प्रदर्शनात कोपऱ्यात उभे असते. त्याभोवती गर्दी नसते. चाकांवरून ढकलत नेता येणारा, एक टोक वर-खाली होणारा हा पट्टा थप्पीवर किंवा ट्रकवर कट्टा पोहोचवितो. त्याचा विचार भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने करून पाहावा. १६ टन माल सरासरी तीन मीटर वर चढविण्यास सुमारे ४,७०,००० ज्यूल कार्य लागते, म्हणजे विजेच्या एका युनिटाचा जेमतेम आठवा हिस्सा. पट्ट्याची कार्यक्षमता अगदी तीस टक्के धरली तरी अर्ध्या युनिटाहून कमी वीज पुरते. उलट हमाल फळीवरून चढतो तेव्हा तो कट्ट्याबरोबर स्वतःचेही शरीर वर नेतो. ५५ किलो वजनाच्या माणसांनी ४०० फेऱ्या केल्या तर २२ टन वजनाची माणसेच वर चढली. १६ टन धानासाठी २२ टन माणूस. गुडघे व कंबर कशाने झिजतात हे यावरून कळावे. पट्टा हा सगळा चढ वाचवितो. आणि त्यास पाट लागत नाही, करार लागत नाही, गिरणीची संमती लागत नाही.

अडचण आहे ती दोन ठिकाणी. पहिली हंगामाची. खरिपाची खरेदी हिवाळ्यात, उन्हाळी धानाची मे-जूनच्या सुमारास. एरवी यंत्र पडून राहणार. एकट्या सोसायटीस तो खर्च झेपणार नाही, परंतु शेतीच्या अवजारांसाठी आपल्याकडे अवजार बँका झाल्या आहेत, त्याच धर्तीवर तालुक्याच्या चार-पाच केंद्रांत एक पट्टा फिरविता येईल.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, आणि प्रदर्शनांत तिचा उच्चारही होत नाही. हमालाची मजुरी नगावर, म्हणजे कट्ट्यामागे ठरते. पट्टा आल्यावर तीच टोळी दिवसाला अधिक कट्टे हलवील. तेव्हा दर उतरवावा असे मालक म्हणेल, आणि टोळीतील काही माणसे कमी करावीत असे मुकादम म्हणेल. दोन्ही झाले तर यंत्राचा सर्व लाभ मालकाकडे गेला व हमालाच्या वाट्यास बेकारी आली. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आला. हमालाचा मालक निश्चित नसतो ही अडचण ओळखून त्याने मंडळामार्फत नोंदणी, मजुरीचे वाटप व भविष्य निर्वाहाची सोय केली. नगाचा दर ठरविताना यंत्राने वाचविलेले श्रम कोणाच्या खाती जमा करावयाचे, हा प्रश्न अशा मंडळापुढे येऊ शकतो. जेथे हमालाची नोंदणीच नाही, तेथे तो कोणापुढे यावयाचा? माझ्या मते पट्टा विकत घेण्यापूर्वी दराचा लेखी ठराव व्हावा: टोळीची संख्या एक हंगाम कायम राहील व नगाचा दर उतरणार नाही. वाचणारा वेळ हाच त्या हंगामापुरता लाभ मानावा. धान पावसाआधी छताखाली जाते हा लाभ लहान नव्हे.

या दृष्टीने प्रदर्शन या संस्थेकडे पुन्हा पाहावे. मास्केल, बाथेल्ट व माल्मबर्ग या अभ्यासकांनी २००६ साली प्रदर्शनांस ‘तात्पुरते औद्योगिक समूह’ असे म्हटले. एका धंद्यातील माणसे एरवी दूरदूर असतात, ती चार दिवस एकत्र येतात, प्रतिस्पर्धी काय करतो हे पाहतात, आणि विक्रीहून मोलाचे असे ज्ञान घेऊन जातात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते योग्य आहे. फक्त त्यात एक माणूस कोठेच नसतो. गोरेगावच्या सभागृहात यंत्र बनविणारा असतो, विकणारा असतो, खरेदी मंजूर करणारा असतो. ते ज्याच्या हातात जावयाचे तो नसतो. हे केवळ न्यायाचे बोलणे नाही. कट्टा ओला असला की तो पट्ट्यावर घसरतो का, तागाचे बारदान कडेला अडकून फाटते का, मुरमाच्या आवारात चाके रुततात का, वीज गेल्यावर अर्ध्या पट्ट्यावर अडकलेले कट्टे कसे उतरवावयाचे, या प्रश्नांची उत्तरे गुळगुळीत फरशीवर मिळत नाहीत व ती विचारण्याचे भान मंजुरी देणाऱ्यास नसते.

यास्तव देवरीसारख्या ठिकाणी लहान प्रात्यक्षिक-प्रदर्शन भरवावे अशी सूचना कोणी केली, तर तिचा तपशील पुढीलप्रमाणे असावा असे वाटते. यंत्रे चारच असावीत: फिरता पट्टा, हाताने ढकलावयाची दोनचाकी गाडी, हाताने दाबून उचलावयाचा पाट-जॅक आणि कट्टा तोलून देणारा काटा. माल खरा असावा, म्हणजे ४० किलोंचा भरलेला कट्टा, काही कोरडे व काही मुद्दाम ओले केलेले. जागा खरेदी केंद्राचेच आवार. यंत्र विक्रेत्याच्या माणसाने न चालविता केंद्रावरील टोळीने चालवावे, आणि शंभर कट्टे हलविण्यास लागलेला वेळ, फाटलेली बारदाने व थांबलेली मिनिटे यांची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ठेवावी. वेळेचा पेच मात्र राहतो. मंडईच्या दिवसांत माणसे आपोआप जमतात, पण तेव्हा कापणी व मळणी चालू असते आणि खरेदी तोंडावर आलेली असते; पावसाळ्यात हमाल मोकळे असतात, पण आवारात चिखल असतो. उन्हाळी धानाची खरेदी सुरू होण्यापूर्वीचे, एप्रिलअखेरचे चार-सहा दिवस त्यातल्या त्यात सोयीचे. परंतु तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम लागलेला असतो व देवरी तालुक्यातील निम्मी घरे पहाटेच जंगलात गेलेली असतात. म्हणून प्रात्यक्षिक दुपारनंतर, पत्ता फळीवर पोहोचल्यावर ठेवावे लागेल.